पोचल्याचा रिपोर्ट

हवालदार जयप्रकाश डुबल पेन्शनीत निघून कोलकात्यात बेहालाला आपल्या घरी आला, त्याला महिना उलटून गेला होता. तरी त्याचा मित्र ओंकार शेवाळे दर रविवारी कऱ्हाडहून फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"पोचलास का रे?"

"अरे, कधीच पोचलो. गेल्या रविवारीही तेच सांगितलं तुला."

"बरं बरं," म्हणून ओंकार फोन ठेवून द्यायचा.

ओंकार त्याच्याच पलटणीतला, त्याच्या वर्षभर आधी घरी गेलेला. पलटणीत नियम असा, की माणूस एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर गेला की आधी पोचल्याचा रिपोर्ट द्यायचा. चहा, आंघोळ, सगळं त्याच्यानंतर. तेवढ्यापुरता प्रश्न बरोबर होता. पण तो दर रविवारी कोण विचारतं? जयप्रकाशला वाटायचं, ओंकारचं डोकं जरा सरकलंय. घरी बसून बसून सरकतं म्हणतात.

आता हा कऱ्हाडकडचा गडी कोलकात्यात काय करतोय, असं कुणीही विचारेल. तर त्याची बायको विनीता सरकारी बँकेत. बढती हवी असेल तर बदली घ्या म्हणाले, तिने घेतली, आणि मुलगी चैत्राली लहान असतानाच दोघी इथं आल्या. बेहालाच्या एका गल्लीत, म्हणजे इथल्या भाषेत पाड्यात, दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं. चैत्राली आता नववीत होती आणि तिची दहावी होईपर्यंत इथून हलायचं नाही असं ठरलं होतं. हे सगळं ठरत होतं तेव्हा जयप्रकाश बर्फाच्या एका डोंगरावर बंकरमध्ये बसला होता. त्याला फोनवर कळवण्यात आलं. तो "ठीक आहे" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

घरात त्याची सरबराई चालली होती ती थेट जावयासारखी. आल्या दिवशी पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी गुलाबजाम झाले. ते समजू शकतो, सुट्टीवर यायचा तेव्हाही व्हायचं. पण महिना झाला तरी दोघींना स्टीलची ताटं आणि याला एकट्याला काचेचं. टीव्हीचा रिमोट न मागता हातात. पिशवी घेऊन बाजाराला निघाला की विनीता म्हणायची, "अहो, तुम्ही कशाला? बसा ना निवांत." गीझर बिघडला होता हे त्याला गीझर दुरुस्त झाल्यावर कळलं. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत असायच्या आणि हा दारात आला की दोघी हसऱ्या चेहऱ्याने वळायच्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

शिवाय किल्ली. घराला किल्ल्या दोनच होत्या, एक विनीताकडे आणि एक चैत्रालीकडे. तिसरी करून आणावी हे कुणालाच सुचलं नव्हतं. खुद्द जयप्रकाशलाही नाही, म्हणजे बघा.

या "सगळं ठीक आहे" ची मात्र त्याला हळूहळू धास्ती वाटायला लागली होती. चौकीवरचा संत्री वायरलेसवर ठरल्या वेळेला "सब ठीक" म्हणतो, ते त्याने आयुष्यभर ऐकलं होतं. आणि ज्या चौकीवरून "सब ठीक" शिवाय दुसरं काही येतच नाही, तिथं उठून स्वतः जाऊन बघायचं असतं, हेही तो शिकला होता. एकदा असाच गेला, तर तिथलं रॉकेल कधीच संपलेलं आणि पोरं दारूगोळ्याची रिकामी खोकी जाळून शेकत बसलेली. का कळवलं नाही रे गाढवांनो, तर म्हणे तुम्हाला कशाला त्रास. त्या दिवशी त्याने पोरांना असं काही झापलं होतं की खोकी जाळायची गरज उरली नाही.

पण पोरांना झापणारा हा माणूस स्वतः कुठल्या गावचा होता? त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. गावाचा रिवाज असा, की सरहद्दीवरच्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही. तिकडे त्याला जागेवरून हलता येत नाही, मग जिवाला घोर कशाला? जयप्रकाशचा बापही फौजेतच होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याला एसटी स्टँडवर न्यायला आलेल्या माणसाने, ट्रंक डोक्यावर घेता घेता, त्याची आई, म्हणजे जयप्रकाशची आजी, गेल्याचं सांगितलं होतं. आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. विनीता लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पुरणाचं प्रमाण आणि हा रिवाज, दोन्ही एकाच दुपारी शिकवलं. आणि रिवाज दुतर्फी होता. तिकडून येणारा फोनही सुखरूपच यायचा.

म्हणूनच तर मोज्यांची भानगड झाली.

जयप्रकाश बेहालात, भर वैशाखात, जिथे पंख्याखाली बसूनही माणूस लोण्यासारखा वितळतो तिथे, चोवीस तास पायात मोजे घालायचा. झोपतानासुद्धा. "फौजेची सवय आहे," असं त्याने सांगून टाकलं होतं. खरी गोष्ट अशी होती, की गेल्या वर्षीच्या जानेवारीत गस्तीवर असताना त्याच्या डाव्या पायाला हिमदंश झाला आणि लष्करी इस्पितळात दोन बोटं काढावी लागली. त्यामुळे मेडिकल कॅटेगरी उतरली, त्यामुळे नायब सुभेदाराची बढती गेली, त्यामुळे तो पेन्शनीत निघाला. घरी त्याने सांगितलं, "खूप झाली नोकरी, कंटाळा आला." डाव्या मोज्यात बोटांच्या जागी कापसाचा बोळा असायचा. वर्षभर कुणाला पत्ता लागला नव्हता, अशी त्याची समजूत होती.

दिवस जाता जात नव्हता. पहाटे उठून फिरून यायचं, मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. तिथली म्हातारी मंडळी त्याला आदराने बाकाची मधली जागा द्यायची. "दादा, बॉर्डर पे कैसा लगता है?" असं विचारून सगळे कान टवकारायचे. जयप्रकाश विचार करून सांगायचा, "ठंड लगती है." मंडळी थोडा वेळ आणखी काही येतंय का याची वाट बघायची आणि मग आपल्या फुटबॉलच्या भांडणाकडे वळायची. बालीगंजच्या एका मोठ्या इमारतीत सुपरवायझरची नोकरी होती. तो जाऊन बघून आला. काम मुख्यतः गाड्यांना सलाम ठोकायचं होतं. विचार करून सांगतो म्हणाला.

त्या मंगळवारी तो फिरून जरा उशिराच परतला, तर दाराला कुलूप. विनीता बँकेत, चैत्राली शाळेत, आणि शाळेनंतर क्लास. मग तो तळमजल्यावर काजलदींच्या दारात जाऊन बसला. काजलदी एकट्याच राहायच्या आणि ब्लाउज शिवायच्या. त्यांनी त्याला मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि चहा दिला आणि मशीन चालवता चालवता म्हणाल्या, "दादा, अब आप आ गए हैं, तो बउदी को भारी बालटी मत उठाने दीजिए. डॉक्टर ने मना किया था." बउदी म्हणजे वहिनी, म्हणजे विनीता.

"कौन से डॉक्टर ने?"

"जिसने ऑपरेशन किया." मशीनचं पायडल थांबलं. "आपको मालूम नहीं?"

"मालूम है," जयप्रकाश म्हणाला. मालूम आहे म्हटलं की समोरचा माणूस उरलेलं बिनदिक्कत सांगतो, हे त्याला ठाऊक होतं.

काजलदींनी उरलेलं सांगितलं. गेल्या वर्षी जानेवारीत विनीताला रक्तस्राव थांबेना, म्हणून पिशवी काढावी लागली. पोरगी इस्पितळाच्या बाकावर दिवसभर बसून होती, लुची, म्हणजे इथली पुरी, आणून दिली तर हात लावला नाही. मासेवाल्यापासून टपरीवाल्यापर्यंत सगळा पाडा चौकशी करत होता. आणि आता बिचारीची शाळेची नवी कटकट. गणितात नापास झाली म्हणून शाळेने पालकांना बोलावलंय. बउदीला बँकेतून सुट्टी मिळत नाही, तेव्हा गुरुवारी काजलदीच जाणार होत्या. मावशी म्हणून.

"मैं हूँ ना घर में," जयप्रकाश म्हणाला.

"हां," काजलदी म्हणाल्या. "पर आपको कौन तकलीफ देगा?"

जयप्रकाशने मुडी संपवली. त्याला वाईट वाटलं. जानेवारी. जानेवारीत तो इस्पितळात पाय वर टांगून पडला होता आणि तिथूनच त्याने विनीताला फोन केला होता. चैत्रालीने उचलला. मागे कसल्यातरी घोषणा ऐकू येत होत्या. ती म्हणाली, मी मेट्रो स्टेशनवर आहे. त्याच्याकडून ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येत होता. तो म्हणाला, मेसमध्ये भांडी घासतायत. मग दोघांनी एकमेकांना सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बायकोच्या ऑपरेशनची बातमी मासेवाल्याला, टपरीवाल्याला, सगळ्या पाड्याला होती, आणि नवऱ्याला आज मुडी खाताना कळत होती. ट्रंक डोक्यावर घेणारा माणूस तेवढा कमी होता.

आता दुसरा कुणी असता तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं असतं. जयप्रकाशलाही तसं करावंसं वाटलं. पण रागावून मिळवलेली माहिती हा काही रिपोर्ट नव्हे. रिपोर्ट समोरच्याने आपणहून द्यायचा असतो. पोरीने आपल्या तोंडाने येऊन सांगायला हवं होतं, बाबा, मी नापास झालेय, तू शाळेत ये. एवढंच त्याला हवं होतं. ते झालं नाही, तर हा इथे काचेच्या ताटात जेवत, मोजे घालून, उरलेलं आयुष्य पाहुणा म्हणून काढणार होता, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी दोघी आल्या. विनीताने कांदेपोहे केले. जयप्रकाशला काचेच्या बशीत मिळाले.

"काय चैत्राली, शाळा काय म्हणते?"

"ठीक," चैत्राली मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"अभ्यास?"

"ठीक."

"विनीता, तुझी तब्येत?"

"मला काय धाड भरलीय? ठीक आहे. लिंबू पिळू का आणखी?"

"माझं ठीक नाही," जयप्रकाश म्हणाला.

त्याने बशी खाली ठेवली, डावा पाय उचलून समोरच्या टीपॉयवर ठेवला आणि मोजा काढला. कापसाचा बोळा घरंगळत पोह्यांच्या पातेल्यापाशी जाऊन थांबला.

चैत्रालीने मोबाइल ठेवला आणि वाकून बोटं मोजली.

"बाकीची दोन कुठायत?"

"बर्फात गेली. गेल्या जानेवारीत. तू मेट्रो स्टेशनवर होतीस ना, तेव्हा मी इस्पितळात होतो. मेसमध्ये भांडी बिंडी कुणी घासत नव्हतं. बढतीही त्यामुळेच गेली. मला कंटाळा वगैरे काही आला नव्हता, मला घरी पाठवलं." मग तो म्हणाला, "हा माझा रिपोर्ट. खूप दुखायचं. अजूनही दुखतं, नसलेल्या बोटांत. आणि ह्या मोज्यांत उकडून मरायची वेळ आलीय."

विनीताने बोळा उचलला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मागच्या वर्षी सुट्टीवर आलात, तेव्हा मशीनमध्ये कापूस निघाला. मग पाय बघितला तुम्ही झोपलात तेव्हा. अहो, दर धुण्याला तुमच्या मोज्यात नवा कोरा बोळा येत होता, तो काय आपोआप येत होता? बंडल आणून ठेवलंय मी त्याचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. तुमच्या आईनेच शिकवलंय."

"आणि पिशवी काढली, ते?"

विनीताने बोळा खाली ठेवला. "काजलदी," ती म्हणाली.

"काजलदी कशाला, अख्ख्या पाड्याला माहीत आहे! मासेवाल्याला माहीत आहे! मी नवरा आहे का शेजारी?" आता मात्र जयप्रकाशचा आवाज चढला. महिनाभरात पहिल्यांदाच. विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनेही आवाज चढवला, की तुम्ही तिकडे डोंगरावर, सांगून काय उजेड पडणार होता, नुसते तळमळत बसला असता, पाय घसरला असता कुठे. तर हा म्हणाला, न सांगताही घसरलाच ना. यावर ती आणखी चिडली.

"एई, थांबा ना!" चैत्राली ओरडली.

दोघं थांबली.

"सगळे मलाच ठीक बोलायला लावतात! आई आत होती. डॉक्टर बोलला, ब्लड लागेल, कोण आहे तुझ्याबरोबर? मी बोलली, मीच आहे. तेवढ्यात तुझा फोन आला. मला एवढं सांगायचं होतं ना बाबा, एवढं! पण आईने शपथ घातली होती. मी बोलली सगळं ठीक आहे." "आणि तू बोललास, शाब्बास. शाब्बास बोललास तू!"

जयप्रकाशला आठवलं. तो खरंच म्हणाला होता. त्याच्या हाताखालच्या संत्र्यांना म्हणायचा तसंच.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं गं."

चैत्रालीने बाहीला नाक पुसलं. मग टीपॉयवरच्या पायाकडे बघत, जणू त्या पायाशीच बोलावं तशी म्हणाली, "मी मॅथ्समध्ये फेल झाले. फार वाईट फेल. गुरुवारी गार्डियनला बोलावलंय. काजलदी जाणार होती." नाक ओढून ती म्हणाली, "पण तिला काही मॅथ्स येत नाही."

"मलाही येत नाही," जयप्रकाश म्हणाला. "मी येतो."

मग त्याने तिला गणितावरून जे झापलं, ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. क्लासला एवढ्या लांब जाते ती काय रस्त्यावरचा फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खायला जाते का, इथपासून सुरुवात झाली. चैत्रालीही उलटून बोलली, पायाला बोटं नसलेल्या माणसाने दुसऱ्याचे मार्क मोजू नयेत वगैरे. विनीताला रडता रडता हसू फुटलं. पोहे गार झाले. रात्री भाकरी वाढताना तिने विसरून, का न विसरता कोण जाणे, त्याला स्टीलचं ताट दिलं.

गुरुवारी सकाळी जयप्रकाश मोज्यांशिवाय नुसत्या चपला घालून, ऑटोच्या रांगेत लेकीच्या मागे उभा राहून, शाळेत गेला. गणिताच्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी चैत्रालीच्या उत्तरपत्रिका एकेक करून समोर मांडल्या आणि त्याला विचारलं, पोरीचं लक्ष कुठे असतं, घरी कुणी बघतं की नाही, आणि वडील म्हणून इतके दिवस आपण होतात कुठे?

चैत्रालीला पुढचं माहीत होतं. आई अशा वेळी "इसके पापा बॉर्डर पे हैं" म्हणायची, की लगेच बाईंचा आवाज मऊ व्हायचा आणि विषय मिटायचा. तिने आशेने बाबाकडे बघितलं.

जयप्रकाश ताठ उभा होता. "रास्ते में था, मॅडम," तो म्हणाला. "देर हो गई."

बाईंनी मग उशिरा येणाऱ्या बापांवर त्याला दहाएक मिनिटं सुनावलं. त्याने एकेक शब्द मान खाली घालून ऐकून घेतला. बाहेर पडल्यावर चैत्राली म्हणाली, "सांगायचं होतंस ना, वाचलो असतो." तो म्हणाला, "वाचून काय करायचंय?" त्याचा चेहरा असा फुलला होता की तिला वाटलं, उन्हाने याचंही डोकं सरकलं. येताना त्याने चौरस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडे थांबून तिची किल्ली मागितली आणि आपल्यासाठी एक करून घेतली.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा जयप्रकाशला तो घेता येण्यासारखा नव्हता. तो बाजारातून मासे घेऊन आला होता आणि ते शिळे निघाले होते. विनीता हातात भरलेली बादली घेऊन मधोमध उभी राहून त्याला विचारत होती की डोळे होते की नव्हते, म्हणजे माशाला आणि तुम्हालाही. तो सांगत होता की चोवीस वर्षं डबाबंद खाल्लेल्या माणसाला माशाचे डोळे काय कळतात, आणि बादली खाली ठेव आधी, ठेव म्हणतो ना! न सोडवलेल्या गणितांची वही टेबलावर तशीच पडली होती. फोन चैत्रालीने उचलला.

"कोण, चैत्राली?" ओंकारने विचारलं. "बाबा पोचला का गं तुझा?"

तिने आत बघितलं. तिला या प्रश्नाची गंमत ठाऊक होती. बाबा दर रविवारी त्यावर वैतागायचा.

"हो काका, पोचला," ती म्हणाली. "मंगळवारी."

पलीकडे ओंकारने घसा खाकरला. "बरं बरं. आणि घरी सगळं ठीक?"

"नाही," चैत्राली म्हणाली, आणि खुर्ची ओढून सविस्तर सांगायला बसली.